पतीमागे उरलेली सारा-बाकी

शेतसारा थकवून एखादा खातेदार वारला, तर ती बाकी त्याच्या विधवेने भरायची की नाही, हा प्रश्न राधानगरीच्या भातखाचरांइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले, तरी एक धागा कायम राहिला: बाकी माणसाच्या नव्हे, मालमत्तेच्या मागे जाते.

याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम स्पष्ट होता. पतीचे कर्ज पत्नीने फेडायचे नाही. तिने स्वतः कबूल केलेले, पतीसोबत काढलेले किंवा एकटीने काढलेले कर्ज तेवढे तिचे. वडिलांचे ऋण मुलावर येई, पण राहिलेला दंड आणि जकात त्यातून वगळलेली होती. मात्र ज्याच्या हाती मयताची मालमत्ता गेली, त्याला ऋणही उचलावे लागे. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका पुढे इंग्रजी न्यायालयांनी देशावरच्या वारसाहक्काचा आधार मानली. विभक्त कुटुंबातल्या निपुत्रिक विधवेला पतीची जमीन मिळे, पण हयातीपुरती. ती विकायला कायदेशीर गरज दाखवावी लागे. पतीचे कर्ज आणि सरकारी सारा या मान्य गरजा होत्या. म्हणजे साऱ्याची बाकी हेच विधवेच्या हातून जमीन निसटण्याचे कायदेशीर दार ठरले. सावकाराला हे दार चांगले ठाऊक होते.

राधानगरीची भातखाचरे जुनी असली, तरी कोल्हापूर संस्थानातले हे गाव तुलनेने नवे. शाहू महाराजांनी भोगावतीवरच्या धरणाच्या योजनेबरोबर 1908च्या सुमारास येथे पेठ वसवली आणि तिला आपली कन्या राधाबाई यांचे नाव दिले. कोल्हापूर संस्थानातला महसूल मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीने, खातेदाराच्या नावे घेतला जाई. जमिनीवर राबणारी बाई त्या नावात क्वचितच असे. अडचण इथेच होती, कारण पती गेल्यावर कागद कोण लिहितो यावर बरेच काही अवलंबून राही. तो लिहिणारा वंशपरंपरागत कुलकर्णी होता. 1918 मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. हा बदल सहसा जातीच्या वर्चस्वाच्या संदर्भात सांगितला जातो. पण अक्षरओळख नसलेल्या विधवेच्या दृष्टीनेही तो मोठा होता: तिच्या वारसाहक्काची नोंद आता वतनदाराच्या मर्जीवर राहिली नाही, निदान कागदोपत्री.

पतीच्या मिळकतीत विधवेला हिस्सा देणारा 1937चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होता. संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. प्रांतांमध्येही तो शेतजमिनीला लागू नाही, असे फेडरल कोर्टाने 1941 मध्ये ठरवले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1956च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा मुलांच्या बरोबरीची वारस व मिळालेल्या हिश्शाची पूर्ण मालकीण झाली. हयातीपुरती मालकी संपली, तसे सावकाराचे ते दारही बंद झाले.

बाकी मात्र उरली. 15 ऑगस्ट 1967 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जमिनीचा सारा हा त्या जमिनीवरचा सर्वांत आधीचा बोजा असतो. म्हणून खातेदार मेला तरी तो पुसला जात नाही. मागणीची नोटीस, जप्ती आणि लिलाव हे वसुलीचे मार्ग. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मग गाव नमुना 6-क मध्ये नोंद होऊन फेरफार धरला जातो.

साऱ्याप्रमाणे आयकराची बाकीही मागे राहू शकते: शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, पण पगार, दुकान किंवा ठेवी यांवर तो आहेच. मयताची आकारणी करण्याची तरतूदच तेव्हाच्या आयकर कायद्यात नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1930 मध्ये एलिस रीड प्रकरणात दिला. त्यानंतर 1933 मध्ये 24-ब हे कलम घालून कायदेशीर वारसाला जबाबदार धरले गेले. 1961च्या कायद्यातील कलम 159ने हेच सूत्र पुढे नेले: मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून जेवढे भागेल, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. मालमत्तेची वाटणी करण्याआधी बाकीचा हिशेब करून घ्यावा. कर भरण्याआधीच ती विकली वा गहाण टाकली, तर त्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत वारस स्वतः जबाबदार ठरतो.