पिसं उपटणारी कोंबडी आणि कुंभाराचं गाढव

कोंबड्या एकमेकींची पिसं का उपटतात आणि त्यावर माणसाने कोणते उपाय केले, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण कारण कशाला म्हणायचं, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे. कारण चुकलं की उपाय चुकतो, आणि चुकलेला उपाय कुणाच्या तरी अंगावर निघतो. इथे तो कोंबडीच्या चोचीवर निघाला.

आधी आपल्या भागातली स्थिती पाहू. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घरामागच्या सांदवाडीत पाच-दहा कोंबड्या असणं ही नेहमीची गोष्ट. दिवसभर त्या मोकळ्या. उकिरडा उकरायचा, गोठ्यामागचे किडे टिपायचे, खळ्यावर सांडलेलं धान वेचायचं, संध्याकाळी डालग्याखाली यायचं. ही कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची बँक. पोराच्या वह्या, दवाखाना, आठवडी बाजार, अचानक आलेला पाहुणा, सगळं तिच्यावर निभावतं.

आता बदल झाला आहे. बचत गटातून, योजनांमधून सुधारित जातीची पिल्लं एकदम वीस-पंचवीस मिळतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती तुम्ही ऐकल्या असतील. महागाची पिल्लं, म्हणून ती जाळीच्या खुराड्यात राहतात. काही आठवड्यांनी एखादीच्या शेपटीच्या बुडाशी उघडी कातडी दिसू लागते. मग तिथे रक्त येतं, रक्त दिसलं की सगळ्या धावतात, आणि एका सकाळी एक कोंबडी मेलेली सापडते. अशा वेळी कुणीतरी जाणकार सांगतो, "चोचीचं टोक कापा, गुमान राहतील."

या सल्ल्यामागचा समज असा की कोंबडी स्वभावानेच भांडकुदळ, आणि जिची पिसं जातात ती कळपातली दुबळी. या समजाला वजन आलं ते एका चांगल्या शोधामुळे. थोर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे नावाचा नॉर्वेचा संशोधक लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करत असे. त्याने 1922 मध्ये जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. कळपात कोण कुणाला चोच मारू शकते याची एक उतरंड ठरलेली असते, असं त्याने दाखवलं. जर्मन शब्दाचं इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' झालं आणि पुढे तो शब्द कचेऱ्यांपासून राजकारणापर्यंत सगळीकडे गेला. शोध खरा होता. अडचण झाली ती लोकांनी तो नको तिथे लावला म्हणून.

कारण बघा, उतरंडीची चोच समोरून येते आणि डोक्यावर, तुऱ्यावर बसते. एक फटका, समोरची बाजूला सरकते, विषय संपला. पिसं उपटणारी चोच मागून येते, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, गुदद्वाराजवळ. ती रागाने येत नाही. कोंबडी जमिनीवरचा दाणा ज्या शांतपणे टिपते, त्याच शांतपणे ती शेजारणीचं पीस ओढते, आणि पुष्कळदा खातेसुद्धा. पिसं उपटणारी कोंबडी कळपातली वरचढ असतेच असंही नाही. एक चोच भांडणाची, दुसरी पोटापाण्याची. दोन्हींना आपण 'टोचणं' म्हणतो, आणि शब्द एक म्हणून कारणही एकच धरतो.

आपल्या न्यायदर्शनात याला छान नाव आहे, अन्यथासिद्ध. कार्याच्या वेळी जवळपास हजर असतं, पण कार्य घडवत नाही, ते अन्यथासिद्ध. नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे कुंभाराचं गाढव. माती गाढवाने वाहून आणली हे खरं, पण म्हणून गाढव हे घटाचं कारण होत नाही. माती दुसऱ्या कशानेही आणता आली असती. कोंबड्यांची उतरंड या प्रकरणात हे गाढव आहे. ती प्रत्येक कळपात असते, पिसं गेलेल्या कळपात आणि भरल्या पिसांच्याही.

मग खरं कारण कुठे शोधायचं? त्यासाठी आपल्या जंगलात जायला हवं. कोंबडीचं मूळ रानकोंबडीत आहे. डार्विनने 1868 च्या ग्रंथात लाल रानकोंबडा हाच सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज ठरवला. 2008 मध्ये आनुवंशिक अभ्यासातून दिसलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक भारतातल्या राखाडी रानकोंबड्याकडून आलं असावं. लाल रानकोंबडा उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या सालवनांचा, राखाडी दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा. गोदावरीच्या खोऱ्यात दोघांच्या सरहद्दी भिडतात, आणि सिरोंचा तालुका त्याच गोदावरीच्या काठाला आहे. म्हणजे कोंबडीची दोन्ही आजोळं आपल्या उंबरठ्यावर आहेत. नावंही एकमेकांना लागून आहेत, गोंडीत 'कोर', तेलुगूत 'कोडी', तमिळमध्ये 'कोळी'.

रानकोंबडी दिवसभर काय करते? ब्रिटनमध्ये मॅरियन डॉकिन्स यांनी मोकळ्या राहणाऱ्या लाल रानकोंबड्यांचं वेळापत्रक मोजून 1989 मध्ये प्रसिद्ध केलं. या पक्ष्यांना अन्न दिलं जात होतं. तरी दिवसाच्या जागत्या वेळेत पाहिलेल्या मिनिटांपैकी सुमारे 60 टक्के मिनिटांत माद्या जमीन टोचताना दिसल्या, आणि सुमारे 34 टक्के मिनिटांत पायाने उकरताना. पोट भरलेलं असूनही! मोह आणि सागाच्या पाचोळ्याखाली दाणा, अळी, वाळवी शोधत हजारो वर्षं गेली, तेव्हा ही चोच घडली. कोंबडी माणसाजवळ आली तीही बहुधा धानामागे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमध्ये मिळाली आहेत, साधारण इसवीसनपूर्व 1650 ते 1250 या काळातली, आणि त्यांचा संबंध भातशेतीशी जोडला गेला आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीच्या धानपट्ट्यातल्या लोकांना हे पटायला पुरावा लागणार नाही.

आता ही चोच जाळीत ठेवा. खाली तार किंवा झाडलोट केलेली फरशी, समोर भांड्यात तयार खाद्य. अर्ध्या तासात जेवण संपलं. उरलेला दिवस चोचीने काय करायचं? समोर टोचण्याजोगी, ओढण्याजोगी एकच वस्तू हलते आहे, शेजारणीचं पीस. 1986 मध्ये नेदरलँड्सचे संशोधक ब्लोकहाउस यांनी हेच मांडलं, की जमिनीवरचं टोचणं वळून पिसांवर जातं. पिल्लांना पहिल्या दिवसांपासून उकरायला काही दिलं तर हा प्रकार कमी होतो, असं नंतरच्या प्रयोगांतही दिसलं. अर्थात दाटी, प्रखर उजेड, खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी असणं, अंगावरच्या उवा-गोचिडी, हेही हातभार लावतात. पण मुळाशी बेकार झालेली चोच आहे.

माणसाने उपाय काय केले? 1903 मध्ये अमेरिकेत एका गृहस्थाने कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. हसू नका, डोळे वाचवायला चष्मा! पुढे लाल काचेचेही चष्मे निघाले, म्हणजे रक्त दिसायला नको. 1940 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो भागात तापल्या पात्याने चोच कापणारं यंत्र बाजारात आलं, आणि पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या धंद्याबरोबर ती पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली. चोच म्हणजे नख, असं लोक समजत. एडिंबराच्या मायकेल जेंटल यांनी 1986 मध्ये दाखवलं की कापलेल्या चोचीत मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात. तुटलेल्या अवयवाच्या जागी माणसाला वेदना होतात, तिथे सापडतात तशा गाठी. नॉर्वेने ही कापाकापी 1974 मध्ये बंद केली होती, स्वीडनने 1988 मध्ये.

या इतिहासाला एकच दिशा आहे. आधी पक्ष्याचं काम काढून घ्यायचं, मग रिकाम्या अवयवाला गुन्हेगार ठरवायचं, आणि शेवटी तो अवयव कापायचा. हे फक्त कोंबड्यांच्या बाबतीत होतं का, याचा विचार तुम्ही घरी जाऊन करा. मी तो इथे ताणत नाही, कारण कोंबडीला आपलं रूपक व्हायची हौस नाही. तिचा प्रश्न तिच्यापुरताही पुरेसा मोठा आहे.

कुणी म्हणेल, मग कोंबड्या मोकळ्याच सोडा. इतकं सोपं ते नाही. मुंगूस आहे, रानमांजर आहे, शिकरा आहे, शेजाऱ्याची धानाची बांधी आहे. मानमोडीची साथ आली की घरोघर फिरणाऱ्या कोंबड्या आधी जातात. खुराडं करणारी बाई मूर्ख नाही, ती हिशेब करूनच करते. म्हणून खुराडं ठेवा, पण त्यात जंगलाची जमीन आणा.

ते आपल्याकडे जवळजवळ फुकट होतं. खाली वीतभर पाचोळा, तणस, धानाचा कोंडा टाका, आणि रोज त्यात मूठभर कणी विखरा. भांड्यात घालाल तर ती क्षणात संपेल, पाचोळ्यात घालाल तर दुपारपर्यंत पुरेल. पालेभाजीची जुडी चोचीच्या उंचीवर टांगा. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात त्या लोळतील आणि उवा कमी होतील. वाळवी लागलेलं लाकूड मिळालं तर आत टाका, प्रथिनं आणि उद्योग दोन्ही एकदम मिळतात. संध्याकाळी तासभर, कुणी राखायला असेल तेव्हा, बाहेर सोडा. जिला रक्त आलं आहे तिला त्याच दिवशी वेगळी करा, जखमेला हळद-तेल लावा, आणि पिसं फुटल्याशिवाय परत सोडू नका. एखादीच सतत उपटत असेल तर काही दिवस तिलाच वेगळी डाला. फक्त पाठ उघडी पडली असेल तर आधी कोंबड्याकडे बघा, फळताना त्याच्या नख्यांनीही पिसं जातात. आणि पिल्लं आणाल त्या पहिल्या दिवसापासूनच पायाखाली पाचोळा असू द्या. एकदा सवय लागली की एकीचं बघून दुसरी शिकते, आणि मग ती मोडणं फार अवघड जातं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. चोच कापली म्हणून उकरायची ओढही राहत नाही. ती ओढ जंगलाने दिलेली आहे, आणि तिला पुरेल इतकं जंगल आपल्या खुराड्यात एका टोपलीभर पाचोळ्यात मावतं.