जनसुनावणीचं कूळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात अमेरिकी कंपनी एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प ठरला, तेव्हा पर्यावरण मंजुरीआधी बाधित लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या जनसुनावणीची सक्ती नव्हतीच. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं, तरी वीजखरेदीचा करार झालाच. वॉशिंग्टनचं मत फाईलला लागलं. प्रकल्पाशेजारच्या अंजनवेल-वेलदूर गावांचं मत लावायला फाईलच नव्हती.

त्याच सुमारास नर्मदेकाठी सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या मणिबेलीचे लोक घरं सोडायला तयार नव्हते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये सरदार सरोवराच्या पुनर्वसनाची लक्तरं वेशीवर टांगली. पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज थांबलं. बाधितांना विचारल्याचं निदान दाखवावं तरी लागतं, हे जगभरच्या कर्जदात्यांना आणि सरकारांना त्या दशकात कळून चुकलं. आपल्याकडे १० एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने जनसुनावणी बंधनकारक झाली.

या पहिल्या अवतारात जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि सरकारी खात्यांच्या जोडीला स्थानिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी आणि परिसरातले तीनपर्यंत ज्येष्ठ नागरिक टेबलामागे बसत. (ज्येष्ठ नेमायचे जिल्हाधिकाऱ्यांनीच, पण खुर्ची तरी होती.) २००६ च्या अधिसूचनेने या खुर्च्या काढल्या. आता टेबलामागे जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, शेजारी मंडळाचा अधिकारी. सरपंच समोरच्या गर्दीत. बदल्यात ३० दिवसांची सूचना, चित्रीकरण आणि इतिवृत्त त्याच दिवशी लोकांच्या भाषेत वाचून दाखवायची सक्ती आली. ही कलमं चांगलीच आहेत. पण गणपूर्ती नाही, मतदान नाही. दहा जण ‘नको’ म्हणोत की दहा हजार, सुनावणी ‘पार पडते’.

१६ मे २०१० रोजी माडबनला जैतापूर अणुप्रकल्पाची सुनावणी अशीच पार पडली. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेचा, अणुभट्ट्या फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या. मराठी अहवाल बहुतेक ग्रामपंचायतींना वेळेत मिळालाच नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. विरोध नोंदवला गेला. नोव्हेंबरअखेर ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी आली आणि आठवड्याभरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात दाखल झाले. हा योगायोग मानायला माडबनच्या राजापूर तालुक्यात फारसं कोणी तयार नव्हतं.

पुढे त्याच तालुक्यात नाणारला सौदी अराम्कोच्या भागीदारीतली रिफायनरी येऊ घातली, तेव्हा गावांनी सुनावणीच्या मांडवाची वाट पाहिली नाही. ग्रामसभांत विरोधाचे ठराव आधीच करून ठेवले. रत्नागिरी जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत येत नाही, त्यामुळे या ठरावांना नकाराधिकाराचं बळ नव्हतं. भूसंपादन मार्च २०१९ मध्ये रद्द झालं, तेही लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर शिवसेना-भाजपची युती जुळल्यानंतर.