राज्यांतर आणि आरोग्यखर्च : यवतमाळ जिल्ह्याचा दाखला

एखादा प्रदेश एका राज्यातून निघून दुसऱ्यात गेला म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या खर्चाचे काय होते, या प्रश्नाचा विचार करण्यास यवतमाळ जिल्हा हे उत्तम उदाहरण होय. जिल्हा जागचा हलला नाही; त्याचा खजिना मात्र वारंवार हलला.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १९०२ मध्ये ते वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने घेण्यात आले व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडले गेले. कापसाच्या या प्रदेशाचा महसूल नागपूरच्या खजिन्यात जातो, पण त्या मानाने खर्च वऱ्हाडात होत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचाही त्या मागणीस पाठिंबा होता. तथापि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे यवतमाळच्या रुग्णालयाची तरतूद आता नागपूरऐवजी मुंबईत ठरू लागली.

या स्थित्यंतरासाठी काही हमी आधीच घेण्यात आली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी आणि तिचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असे म्हटले होते. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात मात्र ‘प्रमाण’ जाऊन ‘समन्यायी वाटप’ आले, आणि तेही संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन. तंत्रशिक्षण व शासकीय नोकऱ्या यांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. आरोग्य विकासखर्चाच्या सामान्य शब्दात सामावले आहे. प्रमाण मोजता येते. समन्याय कोणीतरी ठरवावा लागतो.

तो ठरविणारी विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. तत्पूर्वी १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने जिल्हा हा घटक व राज्याची सरासरी ही पातळी मानून अनुशेष मोजला. आरोग्यसेवा हा त्यातील एक विभाग होता. १९८४ च्या अहवालानुसार एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. सत्तास्थानी जिल्ह्याचा माणूस असणे म्हणजे वाटपाचा नियम असणे नव्हे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये आले. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

स्वतंत्र विदर्भाने हा प्रश्न आपोआप सुटेल, असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. १९५६ पूर्वी खजिना नागपुरातच होता, आणि वऱ्हाडची तक्रार नागपूरविरुद्धच होती. राजधानी जवळ आल्याने केवळ अंतर कमी होते. विदर्भाच्या वाट्यातून यवतमाळला किती, हे जिल्हानिहाय लिहून ठेवले नाही, तर नव्या राज्यातही तीच तक्रार नव्या नावाने करावी लागेल.