भीमेपलीकडचा लेसर

नागापूर एमआयडीसीतल्या एका शेडमधून पत्रा कापण्याचे जुने यंत्र भंगारात निघताना पाहिले आणि हा विषय डोक्यात शिरला. यंत्र कार्बन डायऑक्साइड लेसरचे. तो लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये शोधला सी. कुमार पटेल यांनी. जन्म १९३८, बारामती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, मग स्टॅनफर्ड. आमच्या श्रीगोंद्याहून भीमा ओलांडली की दौंड, त्यापुढे बारामती. तरी हे नाव मला शाळेत कोणी सांगितले नाही. आडनाव गुजराती, म्हणून आपण त्यांना आपल्यात मोजलेच नाही की काय, अशी मला शंका आहे.

जुन्याच्या जागी आले ते फायबर लेसरचे यंत्र. त्याला ऊर्जा पुरवतात अर्धवाहक डायोड. या घराण्याचा मूळपुरुष १९६२चा : रॉबर्ट हॉल यांचा गॅलियम आर्सेनाइडचा लेसर, द्रवरूप नायट्रोजनइतक्या थंडीतच चालणारा. सामान्य तापमानात तो अखंड चालायला १९७० उजाडले. १९७८ साली एमआयटीत अशाच डायोडमधून वीसेक पिकोसेकंदांचे स्पंद काढले गेले. एका पिकोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो!

युक्ती आपल्या लेझमीची. लेसरच्या दोन आरशांमध्ये किंचित वेगवेगळ्या वारंवारतेच्या अनेक लहरी नांदतात. जो तो आपल्या तालात, तोवर नुसता गलका. ठेका जुळवला की साऱ्यांची शिखरे एकाच क्षणी येतात, बाकी वेळ एकमेकींना पुसून टाकतात. जितक्या लहरी जास्त, तितका ठोका आखूड.

पटेलही पुढे अर्धवाहकांकडेच वळले. २००० साली त्यांनी प्राणालिटिका ही कंपनी काढली, ती क्वांटम कॅस्केड लेसर बनवते. १९९४ साली बेल लॅब्जमध्येच जन्मलेला हा लेसर आखूड स्पंदांच्या बाबतीत मात्र हट्टी. त्यातले इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या आसपासच खाली उतरतात. स्पंद आरशांमधली फेरी मारून परत येईपर्यंत त्याच्यासाठी ऊर्जा साठवून ठेवायला कोणी थांबत नाही. २००९ साली खास बनावटीच्या लेसरमधून सुमारे तीन पिकोसेकंदांचे स्पंद मिळाले, तेही बाहेरून विद्युत्प्रवाहाचा ठेका देऊन.

यातले थोडे मी शेडच्या मालकांना सांगितले. "बारामतीचे?" एवढेच त्यांनी विचारले, आणि ते भंगारवाल्याच्या काट्याकडे वळले.