काजळीचा दस्तऐवज: आल्फ्रिस्टनचं पाद्र्याचं घर

मागच्या वेळी आपण किल्ले आणि कॅथीड्रलं पाहिली. आज एक साधं घर घेऊ. इंग्लंडच्या दक्षिणेला, ईस्ट ससेक्समध्ये, ककमियर नदीच्या खोऱ्यात आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या शेजारी, हिरवळीच्या कडेला, शाकारलेल्या छपराचं एक लाकडी घर उभं आहे. 'क्लर्जी हाऊस' म्हणजे पाद्र्याचं घर, अशी त्याची ओळख. 1896 साली नॅशनल ट्रस्ट या नुकत्याच स्थापन झालेल्या संस्थेने ते 10 पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टने घेतलेली ही पहिली वास्तू. आज या संस्थेकडे राजवाड्यांसारखी शेकडो घरं आहेत, पण सुरुवात झाली ती या पडक्या घरापासून. का, ते समजून घ्यायचं तर आधी घरात शिरायला हवं.

आत गेल्यावर आपली नजर सरळ वर जाते. मधल्या दालनाला माळा नाही. जमिनीपासून आढ्यापर्यंत सगळं मोकळं. याला 'हॉल' म्हणत. आज हॉल म्हटलं की आपल्याला सोफा आणि टीव्ही आठवतो, तो बाजूला ठेवा. हा हॉल म्हणजे स्वयंपाक, जेवण, बैठक आणि नोकरांची झोप, सगळं एका जागी. मध्यभागी जमिनीवरच आगटी पेटायची. धुराडं नव्हतंच. धूर वर चढायचा, वाशांमध्ये घोटाळायचा आणि छपराच्या फटींतून, आढ्याच्या टोकांशी ठेवलेल्या भोकांतून, वाट मिळेल तसा बाहेर पडायचा. खिडक्यांना काचाही नसत. उभे लाकडी गज आणि आतून झडपा. म्हणजे थंडीत दोनच पर्याय: उजेड हवा की ऊब.

हा धूर त्रासदायक असेलच, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणं कठीण. जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहायचं: वासे काळे असतील तर खाली एकेकाळी उघडी आगटी होती. एकाच छपरातले काही वासे काळे आणि काही स्वच्छ असतील, तर त्यांच्या मध्ये भिंत होती किंवा स्वच्छ भाग नंतर वाढवला. डेव्हनमध्ये तर काही घरांच्या छपरात सर्वांत खालच्या थरातला मध्ययुगीन पेंढाही काजळीसकट टिकून राहिलाय. नवा थर जुन्यावरच चढवत गेल्यामुळे हे झालं. त्या पेंढ्यावरून तेव्हा शेतात कोणता गहू, कोणती राय उभी होती हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. कुठल्याही राजाच्या दफ्तरात ही माहिती नाही!

आता घराची मांडणी. मध्ये हॉल, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. एका टोकाला दोन कोठ्या, एक पेयांची आणि एक भाकरी-धान्याची. दुसऱ्या टोकाला मालकाची खासगी खोली, तिच्यावर निजायची खोली. बाहेरचा दरवाजा नेहमी कोठ्यांच्या बाजूला. म्हणजे आलेला माणूस हॉलच्या खालच्या टोकाला शिरणार. मालक बसणार वरच्या टोकाला, आगटीच्या पलीकडे. कोणी कुठपर्यंत यायचं हे कोणाला सांगावं लागत नसे. आपल्याकडच्या वाड्यात ओसरी, माजघर, शेजघर ही उतरंड ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच उमगेल.

या जातीच्या घरांना 'वील्डन' म्हणतात. केंट आणि ससेक्समधल्या वील्ड या जंगलपट्ट्यावरून हे नाव पडलं. त्यांची खूण बाहेरूनच कळते. दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झेपावलेले, मधला हॉल मात्र आत. छप्पर एकच, सलग. त्यामुळे मध्यभागी पागोळीची ओळ भिंतीपासून सुटून पुढे येते आणि तिला वाकडे लाकडी टेकू द्यावे लागतात. सांगाडा ओकचा, आणि तोही ओल्या लाकडाचा, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा कडक होतो. सुतार आपल्या अंगणात सगळा सांगाडा आडवा जुळवून पाहायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायचा, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. मधल्या जागेत काटक्यांचा कूड विणून त्यावर माती लिंपायची. लाकूड ओलंच वापरत असल्यामुळे तुळईतल्या झाडाच्या वलयांवरून ओक कधी तोडला ते कळलं की घर कधी उभं राहिलं हेही जवळजवळ कळतंच.

आल्फ्रिस्टनची जमीन तर ऐकण्यासारखी आहे. ती खडूची. आजूबाजूच्या टेकड्याच खडूच्या, तेव्हा दगड आणायला लांब कशाला जायचं? खडू फोडून, ठासून, चोपून सपाट केला आणि वर आंबलेलं दूध ओतून तो बंद केला. आपल्या शेणसारवणाची आठवण येतेच.

असं घर बांधणारा माणूस कोण? उमराव नाही. 1348-49 च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली. जे उरले त्यांच्या वाट्याला जास्त जमीन आली, मजुरी वाढली. ती रोखण्यासाठी 1351 साली कायदा करावा लागला, यावरूनच परिस्थिती कळते. पुढच्या शे-दीडशे वर्षांत आग्नेय इंग्लंडमधल्या खात्यापित्या शेतकऱ्यांनी ही घरं बांधली. आल्फ्रिस्टनचं घरही त्याच घडणीचं, पुढे चर्चच्या मालकीत आलेलं.

सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली आणि उघड्या हॉलचं काम संपलं. ठिकठिकाणी लोकांनी हॉलमध्ये माळे घातले, खोल्या पाडल्या. आल्फ्रिस्टनचं घर हळूहळू पाद्र्यांनाही कमी प्रतीचं वाटू लागलं, त्यात मजुरांची बिऱ्हाडं आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते इतकं खचलं होतं की पाडून टाकायचं ठरत आलं होतं. कायदा मदतीला येणार नव्हता. 1882 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याच्या यादीत मुख्यतः प्रागैतिहासिक दगडी वर्तुळं आणि थडगी होती. पुढे 1900 आणि 1913 चे कायदे आले, तेही राहत्या घरांना वगळूनच. स्मारक म्हणजे जिथे कोणी राहत नाही ते, अशी ती समजूत.

गावचे व्हिकार बेनन यांनी मात्र हार मानली नाही. ते विल्यम मॉरिसने 1877 साली काढलेल्या जुन्या इमारतींच्या रक्षण संस्थेकडे गेले आणि तिथून प्रकरण नॅशनल ट्रस्टच्या ऑक्टेविया हिल यांच्यापर्यंत पोचलं. हिलबाईंनी आयुष्य घालवलं होतं लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी. अशा बाईला हे घर जपावंसं वाटलं यात आम्हाला तरी नवल वाटत नाही. खरी अडचण 10 पौंडांची नव्हती, दुरुस्तीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. त्यासाठी वर्गणी मागावी लागली.

आणि इथे खरा प्रश्न उभा राहिला: दुरुस्ती म्हणजे काय? त्या काळचे नामांकित वास्तुकार 'जीर्णोद्धार' करत, म्हणजे जुनं खरवडून मूळ रूप कसं असावं याची कल्पना करून नवं बसवत. मॉरिसचा संताप याच खरवडण्यावर होता. आता आपण मघाची काजळी आठवू. काळा वासा कुजकट दिसतो म्हणून बदलला की घर सुंदर दिसेल, पण त्याचा पुरावा जाईल. आल्फ्रिस्टनचं काम मॉरिसच्या गटातले आल्फ्रेड पॉवेल यांनी केलं. (पुढे त्यांचं नाव झालं ते चिनीमातीच्या भांड्यांवरच्या रंगकामासाठी.) या गटाचं धोरण साधं होतं: कोसळणारं सावरायचं, गळणारं बंद करायचं, आणि नवं घातलं तर ते नवं आहे हे कळू द्यायचं.

हीच विचारधारा भारतातही पोचली. 1904 चा स्मारक कायदा लॉर्ड कर्झनच्या काळातला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 1923 साली जतनाची जी नियमपुस्तिका काढली तिच्यात मॉरिसच्या गटाचा सूर स्पष्ट ऐकू येतो. कर्झनने इंग्लंडला परतल्यावर ससेक्समधलाच बोडिअम किल्ला विकत घेतला आणि मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला दिला. पण त्याचं लक्ष किल्ल्यांकडे. शेतकऱ्याच्या घराला कायद्याचं खरं संरक्षण मिळालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, इमारतींच्या याद्या होऊ लागल्या तेव्हा. आज आल्फ्रिस्टनचं घर त्या यादीत 'दुसरी श्रेणी, तारांकित' म्हणून आहे.

सगळ्याच घरांचं नशीब असं नव्हतं. केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळचं 'बेलीफ' हे पंधराव्या शतकातलं याच जातीचं घर. 1960 च्या दशकात त्या खोऱ्यात बो बीचचं धरण झालं. घर जागेवर ठेवणं शक्यच नव्हतं. तेव्हा ते खुंट्या काढून सुटं केलं आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारलं. मॉरिसला घर जागेवरून हलवणं मुळीच रुचलं नसतं, कारण घराचा अर्थ जागेशी बांधलेला असतो. इथे पर्याय पाण्याखाली जाण्याचा होता. पण पुन्हा उभारताना काय उभारायचं? पाचशे वर्षांत झालेल्या भरीसकट की मध्ययुगातलं? संग्रहालयाने दुसरं निवडलं. नंतरचे फेरफार काढले, हॉल आढ्यापर्यंत मोकळा केला, मध्यभागी आगटी मांडली. ती आजही पेटवतात. धूर वर चढतो आणि वाशांवर नवी काजळी धरतो.