नड, अडचण आणि प्रॉब्लेम

मराठी माणसाला पूर्वी अडचणी असत, हल्ली प्रॉब्लेम असतात. अडचण आपोआप सुटायची, प्रॉब्लेम 'सॉल्व्ह' करावा लागतो. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. निम्मी नोकरी साताऱ्यात झाली, निम्मी सांगलीत. काउंटरच्या अलीकडे बसून मी जेवढे प्रॉब्लेम ऐकले, तेवढे एखाद्या डॉक्टरनंही ऐकले नसतील. तेव्हा या शब्दाचा इतिहास सांगायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, 'पुढ्यात टाकलेलं'. म्हणजे आपण डबा उघडायच्या बेतात असताना समोरच्यानं पासबुक जसं आपल्या पुढ्यात टाकावं, तसं. (ग्रीकांकडे सराफ होते, म्हणजे गिऱ्हाइकंही असणारच!) इंग्रजीत हा शब्द शिरला तो कोडं, अवघड प्रश्न अशा अर्थानं. गंमत म्हणजे त्याच्या जागी आपण नेमलेली 'समस्या'ही मूळची कोडंच. पंडितापुढं श्लोकाचा एक चरण ठेवायचा आणि बाकीचे त्यानं रचायचे, ही समस्यापूर्ती. आता समस्या उरल्या, पूर्तीचं खातं बंद झालं.

बरं, आपल्याकडं शब्दांचा तुटवडा होता म्हणावं तर तेही नाही. पैशाची असते ती नड. वाट अडते ती अडचण. दोघांच्या भांडणात तिसऱ्याची होते ती पंचाईत. हा शब्द थेट पंचायतीतून आलाय, आणि ज्यानं एकदा तरी पंच म्हणून काम केलंय त्याला त्याची व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. कागदपत्रात निघतो तो वांधा. शेजारच्या घरात असते ती भानगड, आणि तीच आपल्या घरात असली की गैरसमज. संस्कृतात 'संकट' म्हणजे अरुंद. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात वळणावर समोरून एस.टी. आली, की हा मूळ अर्थ ड्रायव्हरसकट सगळ्यांना कळतो.

या सगळ्यांना एका प्रॉब्लेमनं घरी बसवलं. लग्नाच्या बैठकीत 'मुलाचा जरा प्रॉब्लेम आहे' म्हटलं की त्यात दमा, दारू आणि दुसरीकडं जमलेलं, तिन्ही मावतात. घरात सत्यनारायण असला की सुनेला नेमका प्रॉब्लेम येतो आणि त्याच्या गोळ्याही मिळतात. आमच्या आजीच्या काळी कावळा शिवायचा. कावळा उडाला, त्याच्या जागी प्रॉब्लेम येऊन बसला. बाई मात्र अजून कोपऱ्यातच. शब्द बदलला की रीत बदलते, असं समजणाऱ्यांनी याचा एकदा विचार करावा.

काही ठिकाणी मात्र हा शब्द अजून शिरलेला नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तिथंच अर्ज करत, भाषणं करत, कर्ज काढत राहिले. आमच्या बँकेत तीन खेपा घालाव्या लागल्या की गिऱ्हाईक साहेबाची केबिन गाठतं. या माणसानं परक्या मुलखात तेरा वर्षं खेपा घातल्या. तेवढ्यात महाराज १८४७ साली वारले आणि १८४८ साली डलहौसीनं राज्यच खालसा केलं. कंपनीच्या लेखी ती एक फाइल होती. रंगो बापूजींनी त्यात काय घातलं, ते १८५७ साली गेंडामाळावर दिसलं. तिथं सतरा जणांना देहदंड झाला, त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. त्या जागेपुढं उभं राहून 'त्यांचा काय प्रॉब्लेम होता?' असं विचारणारा सातारकर मला अजून भेटलेला नाही.

सांगलीचं तसंच. पावसाळ्यात सांगलीकर 'काय प्रॉब्लेम?' विचारत नाही, 'आयर्विनला पाणी किती?' विचारतो. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आकडा ऐकला की कोणती गल्ली बुडाली हे गावभागातलं पोरगंही सांगतं. पूर ओसरल्यावर मात्र फॉर्म आले आणि त्यात एक रकाना होता, 'समस्येचे स्वरूप'. एका आजींनी तिथं मला एवढंच लिहायला लावलं : 'चिखल'. मी इतका अचूक भरलेला फॉर्म नोकरीत दुसरा पाहिला नाही.

आणि दोन्ही गावांच्या बँका! साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न, १९३६ ची, २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक, १९१६ ची, २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. कागदावर विलीनीकरण. कट्ट्यावर म्हातारी माणसं नुसतं 'बँक गेली' म्हणाली, घरातलं कुणी गेल्यासारखं.

एरवी काउंटरवर प्रॉब्लेमच. आमची तर यात सोयच आहे, सर्व्हर बंद पडला की 'प्रॉब्लेम आहे' म्हणायचं आणि चहाला जायचं. पण समोरचा माणूस 'प्रॉब्लेम' म्हणतो तेव्हा त्याला औषधाला पैसे हवेत, पोरीचं लग्न आहे की विहीर आटलीय, काही कळत नाही. म्हणून मी हल्ली विचारून घेतो. परवा तासगावकडचे एक द्राक्षबागाईतदार आले. अवकाळीनं घड कुजलेले.

"साहेब, जरा परॉब्लेम हाय."

"काका, नड आहे की अडचण?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "नड पोराची हाय. फी भरायचीय. अडचण माझी. माल गेला."

"मग प्रॉब्लेम?"

"हप्ता थकणार न्हवं का," काका म्हणाले, "त्यो तुमचा."