गोवर लसीकरण, खानदेशातील

जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे मिळून खानदेशाचा प्रदेश होतो. तापीकाठचा कापूस व केळी पिकविणारा सपाट भाग आणि उत्तरेकडील सातपुड्याचा आदिवासी वस्तीचा डोंगराळ भाग असे त्याचे दोन ठळक विभाग आहेत. देशाप्रमाणेच येथेही गोवर लसीकरणाच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार पुढे आला, तो म्हणजे लस नेमकी कोणत्या वयात टोचावी.

गोवर हा हवेतून पसरणारा विषाणुजन्य रोग आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना बाधा होऊ शकते. न्यूमोनिया व अतिसार यांमुळे बालके दगावतात. अ जीवनसत्त्वाची उणीव असल्यास अंधत्वही येते. रोगातून उठल्यावर इतर रोगांविरुद्धची पूर्वार्जित प्रतिकारशक्ती काही काळ खालावते. ‘गोवर अंगाबाहेर पडू द्यावा’ या समजुतीने लिंबाचा पाला ठेवून मूल घरातच राखण्याची चाल असल्याने उपचारास पुष्कळदा विलंब होई.

या विषाणूचे विलगीकरण एंडर्स व पीबल्स यांनी बॉस्टन येथे १९५४ मध्ये केले. १९६३ मध्ये अमेरिकेत लस वापरात आली. भारतात १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश झाला आणि १९९० पर्यंत हा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत पोहोचला.

देवीची लस नवजात अर्भकासही लागू पडे. गोवराच्या लसीचे तसे नाही. मातेकडून वारेतून मिळालेली प्रतिपिंडे लसीतील क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंना निष्प्रभ करतात. फार लवकर टोचल्यास लस वाया जाते, उशीर केल्यास मूल रोगाच्या तावडीत सापडते. नवव्या महिन्यात दिलेली लस सुमारे ८५ टक्के, तर बाराव्या महिन्यात दिलेली सुमारे ९५ टक्के बालकांना संरक्षण देते. विकसनशील देशांत रोग लवकर गाठत असल्याने तेथे नऊ महिने ही तडजोड स्वीकारली गेली.

ही मर्यादा खाली आणण्यासाठी सहाव्या महिन्यात तीव्र मात्रेची लस द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये केली. तथापि सेनेगल, गिनी-बिसाऊ व हैती येथे अशी लस घेतलेल्या मुलींत पुढील काळात मृत्यू अधिक आढळल्याने ती १९९२ मध्ये मागे घेण्यात आली. नेहमीच्या मात्रेच्या लसीने मात्र गोवराखेरीज अन्य कारणांनी होणारे बालमृत्यूही घटतात, असे काही अभ्यासांत दिसले. पुढील सर्व चाचण्यांत हा लाभ आढळला नाही. भारतात नियमित लसीकरणासाठी नऊ महिन्यांचीच मर्यादा कायम राहिली.

खानदेशात वयाइतकाच स्थळाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सातपुड्यातील पाडे विखुरलेले आहेत, आणि लस २° ते ८° से. तापमानात न्यावी लागते. द्रावण केल्यावर ती चार तासांच्या आत वापरावी लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी वा गुजरातेत मजुरीस जातात. अशा वेळी मुलाचा नववा महिना परमुलखात उलटतो आणि लस राहून जाते.

दुसरी मात्रा २०१० पासून सुरू झाली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम निघाली. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी व धुळ्यालगतच्या मालेगावात साथ उद्‌भवली. तेव्हा नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण जेथे दहा टक्क्यांहून अधिक होते, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांस एक जादा मात्रा देण्याचा सल्ला केंद्र शासनाने दिला. ही मात्रा नियमित दोन मात्रांत धरली जात नाही.

आजच्या अनेक मातांना गोवर झालेला नसून लसीमुळे संरक्षण मिळालेले आहे. अशा मातांकडून बालकास प्रतिपिंडे कमी मिळतात व ती लवकर संपतात. म्हणून नऊ महिन्यांआधीचा काळ पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचा ठरत आहे. या वयातील बालकांचे रक्षण मुख्यतः भोवतालच्या मुलांच्या पूर्ण लसीकरणावर अवलंबून असते.